जोसेफ पिलाटीस आणि आडव्या माणसाचा व्यायाम



व्यायाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आखाडा येतो, मल्लखांब येतो, जोरबैठका येतात. आडवा पडलेला माणूस मात्र आपण आजारी समजतो. आज ज्या व्यायामपद्धतीचा इतिहास मी आपणांपुढे मांडणार आहे, तिचा पुष्कळसा भाग आडवे पडूनच करावयाचा असतो. शहरांतील पाट्यांवर आता 'पिलाटीस' हा शब्द दिसू लागला आहे. कित्येकांना ते एखाद्या औषधाचे नाव वाटते! वस्तुतः ते एका माणसाचे आडनाव आहे.

जोसेफ ह्यूबर्टस पिलाटीस याचा जन्म ९ डिसेंबर १८८३ रोजी जर्मनीतील म्योन्शेनग्लाडबाख या गावी झाला. लहानपणी तो दम्याने व मुडदुसाने जर्जर होता आणि व्यायामाने त्याने शरीर कमावले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. पहिल्या महायुद्धापूर्वी तो इंग्लंडात गेला. १९१४ साली युद्ध पेटले आणि हा जर्मन मनुष्य एकाएकी 'शत्रुराष्ट्राचा प्रजाजन' ठरला. प्रथम लँकेस्टर येथे आणि नंतर आइल ऑफ मॅन बेटावरील नॉकालो येथील छावणीत त्याला ठेवण्यात आले. (त्याच वर्षांत हिंदुस्थानातील जर्मनांना आपल्या अहमदनगरास, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरास, असेच कोंडून ठेवले होते.)

नॉकालोला वीस हजारांहून अधिक माणसे काटेरी तारांच्या आत, लाकडी बराकींत दिवस मोजीत होती. त्यांना मारीत होता तो रिकामपणा. व्हिशर नावाच्या एका स्विस डॉक्टरने बंदिवानांच्या या मनोवस्थेला 'काटेरी तारेचा रोग' असे नावच देऊन ठेवले. अशा ठिकाणी पिलाटीसच्या मनात हा विचार मुरला, की शरीर पडून राहिले तर कुजते. त्याने छावणीतील रुग्णांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यांना पडल्यापडल्या हातपाय चालवावयास लावले, अशी कथा सांगतात. त्याही पुढे जाऊन, १९१८ च्या इन्फ्लुएंझात त्याचा एकही शिष्य दगावला नाही, असेही सांगतात. कथा गोड आहेत. पण त्या पिलाटीसच्या आणि त्याच्या शिष्यांच्या तोंडून आलेल्या आहेत. इतिहासकाराने त्यांना आख्यायिकाच म्हणावे.

परंतु पुढे त्याने जी यंत्रे बनविली त्यांत ती खाट स्पष्ट दिसते, हेही खरे. त्याचे 'रिफॉर्मर' नावाचे प्रसिद्ध यंत्र म्हणजे खाटेएवढी एक चौकट. तिच्यावर मागेपुढे सरकणारी फळी असते, आणि ती फळी स्प्रिंगांनी एका टोकाशी जोडलेली असते. मनुष्याने उताणे पडून आडव्या दांडीवर पाय रोवावयाचे आणि ढकलावयाचे. उभ्याने बैठक मारताना सारे अंग गुडघ्यांवर तोलावे लागते. येथे फक्त स्प्रिंगेचा ताण असतो, आणि तो हवा तेवढा वाढविता-घटविता येतो. दुखावलेल्या गुडघ्याला म्हणूनच हे सोसते. माझ्या मते या माणसाची खरी कल्पकता इथे आहे. परत येताना फळी आपटू न देता सावकाश आणावयाची असते. त्या परतीच्या प्रवासातच स्नायूंची अर्धी परीक्षा होते.

१९२६ साली तो अमेरिकेस गेला आणि पत्नी क्लारा हिच्यासह न्यूयॉर्कच्या आठव्या ॲव्हेन्यूवर त्याने व्यायामशाळा थाटली. आपल्या पद्धतीला तो 'कंट्रॉलॉजी', म्हणजे नियंत्रणाची विद्या, म्हणे. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात नुसत्या चटईवर करावयाचे ३४ व्यायाम दिले आहेत. पहिल्यात उताणे पडून डोके व पाय उचलून धरावयाचे, हात वरखाली हलवीत पाच मोजेपर्यंत श्वास घ्यावयाचा, पाच मोजेपर्यंत सोडावयाचा, आणि असे दहा वेळा. ऐकावयास सोपे वाटते. घरी गेल्यावर कुणी करून पाहू नये असे मी म्हणत नाही, पण पाठ दुखणाऱ्यांनी जाणत्याला विचारूनच करावे.

त्याला खरा आश्रय दिला तो नर्तकांनी. घोटा मुरगळला की नर्तकाची भाकरीच जाते. जॉर्ज बालांशीनसारखा श्रेष्ठ नृत्यदिग्दर्शक आपले दुखावलेले कलावंत त्याच्याकडे पाठवी. ईव्ह जेंट्री या नर्तकीचे स्तन शस्त्रक्रियेने काढावे लागले आणि तिला हात उचलणे जड झाले. पिलाटीसच्या हाताखाली ती पुन्हा मोकळेपणाने हालचाल करू लागली, आणि हे दाखविणारे चित्रणही करण्यात आले.

वैद्यकाने मात्र त्याला जवळ केले नाही, आणि ही खंत बाळगूनच ९ ऑक्टोबर १९६७ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, तो वारला. त्या काळी पाठ धरली की डॉक्टर रुग्णाला अंथरुणात झोपवून ठेवीत. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर एक प्रयोग झाला. सात दिवस पडून राहण्याचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा दोनच दिवसांचा सल्ला मिळालेल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले, आणि बरे होण्यात ते कुठेही मागे पडले नाहीत. पुढे वैद्यकाचे मतच पालटले.

मग पिलाटीस जिंकला काय? २००० साली अमेरिकेच्या न्यायालयाने त्याचे नाव कुणा एकाची मालमत्ता नाही असा निर्णय दिला, आणि कोणीही ती पाटी लावू लागला. २०१५ साली कोक्रेन संस्थेच्या परीक्षणात कंबरदुखीच्या ५१० रुग्णांवरील दहा प्रयोग तपासले गेले. काहीच न करण्यापेक्षा, किंवा जुजबी उपचारांपेक्षा, या व्यायामाने वेदना कमी होतात, असे त्यातून दिसले, तरी पुरावा फारसा भक्कम नव्हता. इतर व्यायामांहून तो सरस आहे, असे मात्र निर्णायकपणे आढळले नाही. पहिले वाक्य ऐकून पिलाटीस खूष झाला असता. दुसऱ्यावर तो परीक्षकांशी भांडला असता.