सूरबाँबफेकीची विद्या

युद्धांचा इतिहास वाचणारांस एक खोड असते, आणि तिच्यांतून आम्ही स्वतः सुटलों आहों असें नाहीं. "अमुक वेळीं विमानांनीं सूर मारून बाँब टाकले व जहाजें पेटलीं," हें वाक्य आपण एका दमांत वाचतों आणि पान उलटतों. विमानाचा सूर म्हणजे काय, तो कोणास साधतो, साधावयास जाऊन कितीजण परत येत नाहींत, ह्याचा विचार त्या वाक्यापाशीं थांबून आपण करीत नाहीं. दुसऱ्या महायुद्धावरील ग्रंथ आम्ही बरींच वर्षें वाचीत आलों. परंतु ह्या एका वाक्याचा अर्थ आम्हांस थोडाबहुत कळला तो एका सोळा वर्षांच्या मुलाच्या खोलींत, त्याच्या संगणकासमोर बसल्यावर.

हा मुलगा आमचा भाचा. विमानयुद्धाच्या सिम्युलेटरचा त्याला मोठा नाद आहे. खऱ्या विमानाचें वजन, वेग, पंखांवरील हवेचा दाब, वारा, ह्या सर्वांचा हिशेब पदोपदीं करून पडद्यावरचें विमान चालविणारी ही करामत आहे. हिला नुसता खेळ म्हणणें बरोबर होणार नाहीं. भाच्यानें आम्हांस जर्मनांच्या युंकर्स ८७ ह्या विमानांत, म्हणजे जगास 'स्टुका' ह्या नांवानें ठाऊक असलेल्या विमानांत, बसविलें, खालीं नदीवरचा एक पूल दाखविला आणि म्हणाला, "मामा, एवढा पाडून दाखवा." आम्हांस वाटलें, त्यांत काय आहे? नाक खालीं करावें आणि बाँब सोडावा!

प्रथम ह्या विद्येची गरज कां पडली तें सांगतों. ४,००० मीटर उंचीवरून सपाट उडणाऱ्या विमानानें सोडलेला बाँब जमिनीवर येण्यास सुमारें अर्धा मिनिट घेतो. विमानाचा वेग ताशीं ३०० किलोमीटर असेल, तर तेवढ्या अवधींत बाँब दोन किलोमीटरांहून अधिक पुढें सरकतो. म्हणजे पुलावर बाँब पाडावयाचा तर तो पूल दूर असतांनाच सोडला पाहिजे, आणि वेगाचा, उंचीचा किंवा वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तरी बाँब शेतांत जाऊन पडतो. उलट विमानानेंच लक्ष्याच्या रोखानें जवळजवळ सरळ खालीं झेंप घेतली, तर विमानाची वाट आणि बाँबाची वाट बहुतेक एकच होते. नाक जिकडे, बाँब तिकडे. सगळी युक्ति एवढीच आहे. निकाराग्वांत ओकोताल येथें १९२७ च्या जुलैमध्यें अमेरिकन मरीन दलाच्या विमानांनीं सांडिनोच्या लोकांवर अशाच झेंपा घेतल्या. पुढें १९३३ सालीं पहिल्या महायुद्धांतील नामांकित जर्मन वैमानिक एर्न्स्ट उडेट ह्यांनीं अमेरिकेंत कर्टिस विमानांचे सूर पाहिले आणि त्यांतलीं दोन विमानें जर्मनीसाठीं मिळविलीं. १९३५ सालीं स्टुका प्रथम उडालें.

युक्ति सोपी; ती अंगीं आणणें मात्र कठीण. पहिल्या सुरांत आम्ही बाँब इतक्या उंचावरून सोडला कीं पूल तर राहोच, नदीसही धक्का लागला नाहीं. "मामा, तुम्ही घाबरून फार लवकर सोडतां," असें भाच्यानें सांगितलें, आणि तें खरें होतें. दुसऱ्या वेळीं आम्ही अगदीं उभे खालीं येत आहों असें आम्हांस वाटत होतें. पण कांट्यांकडे पाहावें तों उतार केवळ पंचेचाळीस अंशांचा! उंचावरून खालीं पाहणाऱ्या डोळ्यांस साधा उतारही कडा वाटतो. ह्याचसाठीं स्टुकाच्या बाजूच्या कांचेवर अंशांच्या रेघा ओढलेल्या असत, आणि त्या क्षितिजाशीं जुळवून वैमानिक आपला उतार ताडून पाहत असे. त्याच्या पायांशीं तळाला एक खिडकीही असे, कारण लक्ष्य ऐन वेळीं नाकाखालीं दडतें. पंखांखालच्या फळ्या आडव्या करून वेग आवरावा लागे. बाँब फिरत्या पंख्यावर आदळूं नये म्हणून तो एका दुबेळक्यावरून बाहेर झुलवून सोडण्याची योजना होती. हें सारें आम्ही पूर्वीं वाचलें होतें. पण तीं माणसाच्या भित्रेपणास, घाईस व डोळ्यांच्या फसवणुकीस शोधलेलीं उत्तरें आहेत, हें मात्र चुकल्यावांचून समजलें नाहीं.

सर्वांत मोठी चूक आमच्या हातून शेवटीं घडली. अनेक सुरांनंतर पूल बरोबर कांचेच्या मध्यावर आला. आतां हा सुटूं द्यावयाचा नाहीं अशा ईर्ष्येनें आम्ही त्याकडे टक लावून बसलों, उंचीच्या कांट्याचा विसर पडला, आणि पुलासह आम्हीही नदींत! वीस-पंचवीस सेकंदांत तीन हजार मीटर संपतात. लक्ष्यावर खिळलेली नजर हाच ह्या विद्येंतला मोठा शत्रु. म्हणूनच वैमानिक भानावर नसला तरी विमानानें आपण होऊन नाक वर उचलावें अशी यांत्रिक योजना स्टुकांत केलेली होती. कारण त्या उसळींत शरीराचें वजन पांचसहा पट होतें, मेंदूंतलें रक्त उतरतें आणि डोळ्यांपुढें अंधार येतो. आमच्या पडद्यावरही अंधार आला, पण आम्ही खुर्चींत स्वस्थ होतों. त्या संध्याकाळीं आमचें विमान अकरा वेळां जमिनींत शिरलें आणि अकराही वेळां एक कळ दाबतांच तें पुन्हां आकाशांत उभें राहिलें.

खऱ्या शिकाऊंस अशी कळ नव्हती. १५ ऑगस्ट १९३९ रोजीं सायलेशियांत नॉयहामर येथें, म्हणजे आजच्या पोलंडमधील श्वेंतोशूव्ह येथें, वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांसमोर स्टुका विमानांचें प्रात्यक्षिक होतें. ढगांतून सूर मारावयाचा, ढगांखालीं मोकळी हवा लागेल, तेथें बाँब टाकून वर यावयाचें, असा बेत होता. परंतु दरम्यान धुकें जमिनीस टेकलें होतें. पथकाचा नायक वॉल्टर झीगेल ह्यास अगदीं शेवटच्या क्षणीं झाडें दिसलीं. त्यानें ओरडून इशारा दिला व स्वतः कसाबसा वांचला. पण त्याच्या मागून येणारीं तेरा विमानें एकामागून एक जमिनीवर आदळलीं आणि सव्वीस तरुण मेले. युद्ध अद्याप सुरू व्हावयाचें होतें. ह्या झीगेलचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम आहे.

सरावाची किंमत अशी असली, तर सराव नसल्याची किंमत काय, हें मिडवेच्या लढाईंत दिसून आलें. ४ जून १९४२ रोजीं सकाळीं मिडवे बेटावरून मेजर लॉफ्टन हेंडरसन ह्यांच्या हाताखालीं मरीन दलाचीं सोळा डाँटलेस विमानें जपानी ताफ्यावर गेलीं. त्यांतील पुष्कळ वैमानिक ह्या विमानास नवखे होते. त्यांस उभा सूर झेंपणार नाहीं हें जाणून हेंडरसन ह्यांनीं मंद उताराची चाल पत्करली. मंद उतार म्हणजे शत्रूच्या तोफांस व लढाऊ विमानांस अधिक वेळ. स्वतः हेंडरसन धरून निम्मीं विमानें पडलीं आणि एकही बाँब जहाजास लागला नाहीं. त्याच सकाळीं दहा वाजून गेल्यावर विमानवाहू जहाजांवरून आलेलीं तशींच डाँटलेस विमानें उंचावरून उभ्या सुरानें कोसळलीं, आणि कांहीं मिनिटांत आकागी, कागा व सोर्यू हीं तीन जपानी विमानवाहू जहाजें पेटलीं. विमान तेंच होतें. अंतर मुख्यतः शिकवणुकीचें. दैवाचा भाग नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं, कारण जपानी लढाऊ विमानें त्या वेळीं अन्यत्र गुंतलीं होतीं. परंतु दैवानें उघडलेल्या दारांतून आंत शिरण्यासही अंगीं विद्या लागते.

त्यांतही एक प्रसंग आम्हांस पूर्वीं नीट उमगला नव्हता. एंटरप्राइझ जहाजाच्या दोन्ही तुकड्या चुकून कागावरच झेंपावल्या. लेफ्टनंट रिचर्ड बेस्ट सूर मारण्याच्या बेतांत होते, तों त्यांच्या समोरून दुसरीं विमानें खालीं गेलीं. त्यांनीं तेथल्या तेथें स्वतःस आवरलें, दोन सोबती घेतले आणि आकागी गांठली. तीन विमानें, तीन बाँब. त्यांतला एक नेमका लागला आणि तेवढ्यानें तें प्रचंड जहाज गेलें. निघालेला सूर मध्येंच मोडून दुसरें लक्ष्य धरणें म्हणजे काय, तें आतां आम्हांस ठाऊक आहे. आम्ही तसें करूं गेलों तेव्हां आमचें विमान गरगरत समुद्रांत पडलें होतें. पण बेस्ट ह्यांची दुसरी गोष्ट कोणताही सिम्युलेटर सांगणार नाहीं. त्या दिवशीं प्राणवायूच्या सदोष उपकरणांतून विषारी वाफ त्यांच्या छातींत गेली, सुप्त क्षय जागा झाला, आणि दुपारचा दुसरा हल्ला करून आल्यावर ते पुन्हां कधीं लढाईस उडाले नाहींत.

ही विद्या आपल्याकडील तरुणांनींही आत्मसात् केली होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. हिंदी वायुदलाच्या ७ व ८ क्रमांकांच्या स्क्वाड्रनांस 'व्हल्टी व्हेंजन्स' हीं अमेरिकन बनावटीचीं सूरविमानें मिळालीं होतीं. हेम चौधुरी व निरंजन प्रसाद हे त्यांचे नायक. ह्या विमानाचे पंख मुद्दाम अशा कोनांत बसविलेले होते कीं, उभ्या सुरांत तें बाजूस न सरतां ओळंब्यासारखें खालीं यावें; त्याचा मोबदला असा कीं, सपाट उडतांना त्याचें नाक वर राही आणि समोरचें धड दिसत नसे. १९४३-४४ मध्यें आराकान व ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर घनदाट रानांतील जपानी खंदकांवर ह्या विमानांनीं हल्ले केले. जेथें लक्ष्य झाडींत लपलेलें आणि आपलेच सैनिक थोड्या अंतरावर, तेथें सपाट उडणाऱ्या विमानाचा बाँब कोणाच्या डोक्यावर पडेल ह्याचा नेम नव्हता. उभा सूर हाच त्यांतला भरंवशाचा मार्ग होता. १९४४ मध्यें हीं विमानें आघाडीवरून काढून घेतलीं गेलीं. इंग्लंडवरील हल्ल्यांत, १९४० च्या ऑगस्टमध्येंच, लढाऊ विमानांपुढें स्टुकाची काय दशा होते हें दिसलें होतें. पुढें रॉकेटें आलीं, मग स्वतःच वाट शोधणारे बाँब आले, आणि माणसानें लक्ष्यावर देह झोंकून देण्याची ही विद्या मावळली.

आज ती जिवंत आहे ती सिम्युलेटरांत. ह्यांतही एक मौज आहे. अमेरिकेंत बिंगहॅम्टन येथें ऑर्गन-पियानो बनविणाऱ्याचा मुलगा एडविन लिंक ह्यानें ऑर्गनचे भाते लावून १९२९ च्या सुमारास जमिनीवरच हेलकावणारें एक खोटें विमान केलें. प्रथम तें जत्रेंतल्या पाळण्यासारखें करमणुकीच्या बागांत खपलें. १९३४ सालीं टपाल नेतांना खराब हवेंत अनेक लष्करी वैमानिक मेले, तेव्हां सरकारचे डोळे उघडले व सैन्यानें अशीं सहा यंत्रें घेतलीं. महायुद्धांत तर तीं हजारोंनीं लागलीं. करमणुकीचें खेळणें शाळा बनलें. पुढें १९८८ सालीं 'बॅटलहॉक्स १९४२' ह्या खेळानें मिडवेचा सूर घराघरांतील संगणकावर आणला, २००१ सालीं 'आयएल-२ स्टुर्मोविक' आला, आणि शाळा पुन्हां खेळणें बनली.

तर मग ह्या खेळण्यापासून इतिहासाच्या वाचकानें काय घ्यावें? हातानें करून पाहिलेल्या गोष्टीचें ज्ञान खरें असतें, हें आम्ही मान्य करतों. मिडवेचीं पानें आम्ही आतां पूर्वींच्या घाईनें वाचूं शकत नाहीं. पण तें ज्ञान विमानांत बसलेल्याचें आहे. त्यांत खालचा मनुष्य नाहीं. आमच्या पुलावर कोणी चालत नव्हतें, नदीकांठीं कोणी धुणें धूत नव्हतें.

येथें झीगेल पुन्हां येतो. नॉयहामरच्या अपघातानंतर सतराव्या दिवशीं, १ सप्टेंबर १९३९ रोजीं पहाटे, ह्याच झीगेलच्या स्टुकांनीं पोलंडमधील व्येलून ह्या लहानशा शहरावर सूर मारले. महायुद्धाच्या अगदीं आरंभींच्या बाँबफेकींपैकीं ही एक होय. त्या दिवशीं शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला आणि तेथील रुग्णालयही कोसळलें. शहरांत सैन्य होतें कीं नव्हतें ह्यावर इतिहासकारांनीं वाद घातला आहे. रुग्णालय होतें ह्यावर वाद नाहीं. नेमकेपणा हेंच ज्या विद्येचें भूषण, ती नेमकी कोठें वापरली जावी हें ती विद्या सांगत नाहीं. सव्वीस सोबत्यांचें मरण ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें, त्यासही त्या मरणानें हें शिकविलें असें दिसत नाहीं.

बाराव्या सुरांत आमच्या हातून पूल पडला आणि आम्ही सुखरूप वर आलों. भाच्यानें टाळी वाजविली. "आतां जमलं, मामा!" आम्हांसही आनंद झाला, तो लपविण्यांत अर्थ नाहीं. मग आम्ही त्याला व्येलूनची हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ह्यांत ते शहर नाहीं." तें नसणारच. मुलांच्या हातून हे खेळ काढून घ्यावे असें आमचें मत नाहीं; त्यांतून तीं जें शिकतात तें आमच्या पिढीस पुस्तकांतून मिळालें नाहीं. मात्र खेळांत जें शहर नाहीं तें त्यांच्यासमोर मांडण्याचें काम घरांतील वडीलधाऱ्यांचें आहे, आणि तें पुस्तकांवांचून होणार नाहीं.