घोड्याच्या तोंडात काय दडलंय?

उरणला द्रोणागिरीच्या पायथ्याशी माझं बालपण गेलं. घोडा दिसायचा तो वरातीतच. अशाच एका वरातीत नवरदेवाचा घोडा सारखी मान उडवत होता. मोतद्दार लगाम खेची, तशी ती जास्तच उडे. लोक म्हणाले, ‘नाठाळ आहे.’ आजोबा म्हणाले, ‘तोंड दुखत असेल त्याचं.’

आजोबांचं म्हणणं फार उशिरा उमगलं. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते. लगामाचं लोखंडी कडियाळं तिथं बसतं. दाढा वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतात आणि चघळण्यानं झिजतात. पण वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड झिजत नाही, तिला धार येते. दिवसभर गवत चरणाऱ्याला हा त्रास कमी. तोबऱ्यातली चंदी खाणाऱ्याचा जबडा आडवा फारसा फिरत नाही, त्याला अधिक. लगाम ओढला की गाल त्या धारेवर दाबला जातो. मग चाबूक कुणाला मारायचा?

आपल्याकडे अश्वविद्या जुनी. जयदत्ताच्या ‘अश्ववैद्यका’त दातांवरच्या खुणांवरून वय ओळखायची रीत आहे. एकोणिसाव्या शतकात इराणच्या आखातातून अरबी घोडे जहाजांनी मुंबई बंदरात येत आणि भेंडीबाजारच्या तबेल्यांत विकले जात. गिऱ्हाईक घोड्याचा जबडा उघडतं ते वयासाठी, म्हणजे किमतीसाठी. दुखणं कोण शोधतो?

मंगोलियातल्या पशुपालकांनी मात्र ते शोधलं होतं. विल्यम टेलर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पुरातन घोड्यांच्या कवट्या तपासून 2018 मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तिथं वेडेवाकडे पुढचे दात कापायचे प्रयत्न झाले होते. पुढे कांस्य-लोखंडाची कडियाळी आली, तेव्हा दाढांपुढचा एक बारीक, बिनकामाचा दात लोक काढू लागले. कडियाळं नेमकं त्यालाच लागतं! लगाम कडक झाला, तशी दंतवैद्यकीही सुधारली.

आमच्याच रायगड जिल्ह्यात माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून घोड्यांना काम. तिथं गेलो की मी घोडेवाल्याला विचारतो, ‘दात कधी घासले?’ बहुतेक हसतात. एकजण मात्र म्हणाला, ‘पावसाळ्याआधी डॉक्टरांनी कानस फिरवली, साहेब. तेव्हापासून तोंडातली चंदी सांडत नाही.’ त्याच्याच घोड्यावर बसलो.