मांडीवरच्या बाळाचं तिकीट



जुलै संपत आला की सुट्टीला आलेल्या आपल्या लेकी-सुना अमेरिकेला परत निघायच्या तयारीला लागतात. सोबत कडेवर एक आणि बोटाला धरून एक. आमच्या लहानपणी एस.टी.नं कुंभोजच्या बाहुबलीला जायचं, तर आईची तयारी दोन गोष्टींत आटपायची: दशम्या आणि गाळलेल्या पाण्याचा फिरकीचा तांब्या. आता मात्र नियमांची यादीच पिशवीपेक्षा जड झाली आहे. हे नियम कुठून आले याचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की प्रत्येकामागे काहीतरी घडलेलं आहे.

सुरुवात कानापासून. १५ मे १९३० रोजी अमेरिकेत एलन चर्च ही पहिली हवाई परिचारिका कामावर चढली. ती खरोखरीची परिचारिका होती, म्हणजे दवाखान्यातली नर्स. पहिल्या वर्षांत या कामावर नर्सच घेत. तेव्हाच्या विमानात आतला हवेचा दाब राखायची सोय नव्हती, कान दुखायचे, म्हणून प्रवाशांना च्युइंगम देत. काहीतरी गिळलं की घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दडा सुटतो. आज विमानात दाब राखला जातो, तरी उतरताना तो बदलतोच. तान्ह्याला च्युइंगम कुठलं? म्हणून विमान खाली यायला लागलं की बाळाला पाजायला घ्यावं. खरं तर त्याला त्या वेळी भूक असेल अशा बेतानं आधीचं पाजणं ठेवावं.

पण मला खरं सांगायचंय ते मांडीवरच्या बाळाबद्दल. दोन वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र जागा घ्यावी लागत नाही. परदेशी प्रवासात त्याला सहसा मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास पडतात. आपल्याला वाटतं, वा, पैसे वाचले.

१९ जुलै १९८९ रोजी युनायटेडचं डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं २३२ क्रमांकाचं विमान शेपटीतलं इंजिन फुटल्यामुळे सू सिटीला कोसळत उतरलं. आत २९६ माणसं होती, त्यातली ११२ गेली. मांडीवरची चार बाळं होती. त्या काळच्या सूचनेप्रमाणे मुख्य परिचारिका जॅन ब्राउन यांनी आयांना सांगितलं, बाळाला पायाशी जमिनीवर ठेवा, भोवती पांघरुणं लावा आणि हातानं दाबून धरा. अशा आपटण्यात आईच्या हातात बाळ राहूच शकत नाही. त्यातलं एक बाळ गेलं. त्याची आई जळत्या विमानात परत शिरायला धावली, तेव्हा तिला अडवणाऱ्याही ब्राउनच होत्या. त्यानंतर कित्येक वर्षं ही बाई सरकारकडे एकच मागणी करत राहिली: मोठ्या माणसाला पट्टा सक्तीचा, कॉफीचं भांडंसुद्धा बांधून ठेवायचं, मग बाळालाच जागा आणि पट्टा का नको?

अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी मंडळानं तिची बाजू घेतली. नियम करणाऱ्या खात्यानं, म्हणजे एफएएनं, २००५ साली सक्ती करायची नाही असं ठरवलं. कारण ऐका. बाळाचं पूर्ण तिकीट काढावं लागलं तर काही कुटुंबं विमान सोडून मोटारीनं जातील, रस्ता विमानापेक्षा जास्त धोक्याचा, म्हणजे एकूण मृत्यू वाढतील.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. हा हिशेब मला पटतो, डेन्व्हर ते शिकागोसाठी. पण मुंबईहून न्यूयॉर्कला मोटारीनं कोण जाणार आहे? जी बाजू धरून त्यांनी ताळेबंद जुळवला, ती आपल्या वहीत नाहीच. आपल्या नातवंडांच्या प्रवासाला तो निर्णय लागू करून "सक्ती नाही, म्हणजे गरज नाही" असं म्हणणं मला चुकीचं वाटतं. बारशाला, वाढदिवसाला आपण आज्या सोन्याचं काहीबाही घालतोच. त्याऐवजी एकदा त्या जागेचे पैसे द्या.

समोरच्या भिंतीला लावतात त्या पाळण्यावर विसंबू नका. विमान चढताना, उतरताना आणि हादरे बसताना बाळाला त्यातून काढून घ्यावंच लागतं. मोटारीतली बाळाची खुर्ची चालते, पण सगळ्या नाही. अमेरिकेत घेतलेली असेल तर विमानात चालते असं तिच्यावर लाल अक्षरांत छापलेलं असतं, ते बघा. सव्वा-दीड वर्षाच्या पुढचं, दहा ते वीस किलोचं मूल असेल तर खांद्यावरून येणारा एक पट्टा मिळतो. २००६ साली त्याला मान्यता मिळाली. लेकीला नातीसह जड खुर्च्या ओढताना बघून तो एका आजीनंच काढला, आणि ती आजी अमेरिकेच्या वाहतूक खात्यात मोठ्या हुद्द्यावर राहिलेली!

आता पाणी. १० ऑगस्ट २००६ रोजी लंडनमध्ये शीतपेयांच्या बाटल्यांतून स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला. त्या दिवशी तर आयांना बाळाचं दूध तपासनिसासमोर चाखून दाखवावं लागलं. पुढे १०० मिलिलिटरचा नियम आला. बाळाच्या दुधाला आणि खाण्याला प्रवासापुरती सूट असते, पण ते वेगळं काढून दाखवायचं. उकळलेलं पाणी बाळासाठी म्हणून थोडं चालतं, आपल्यासाठी म्हणून नाही.

जेवणाचं एक सांगते. जैन जेवणाची खूण व्हीजेएमएल. एका जागेला एकच खूण मिळते. मुलांसाठी म्हणून असलेलं सीएचएमएल मागितलंत तर त्यात बहुतेक वेळा मांसाहार असतो. म्हणून मुलालाही व्हीजेएमएलच मागा, निदान दोन दिवस आधी, आणि खाकरे, दशम्या जवळ ठेवाच.

आणि परतीची तारीख बघून घ्या. मधे बाळाचा दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतताना त्याला जागा घ्यावीच लागते.