येशूसंघाची शाळा आणि तिचे बंडखोर शिष्य

शाळेची परीक्षा तिच्या आज्ञाधारक विद्यार्थ्यांवरून करावी, की बंडखोर विद्यार्थ्यांवरून? इग्नेशियस लोयोलाच्या येशूसंघाला पोपची मान्यता १५४० साली मिळाली आणि १५४८ साली सिसिलीतील मेसिना येथे त्याची शाळा निघाली. १५९९ मध्ये संघाने आपली शिक्षणपद्धती नियमबद्ध केली. चढत्या क्रमाचे वर्ग, नित्य उजळणी, लेखन, वादविवाद आणि नाटक हे तिचे विशेष. शिकविण्याची फी घेत नसत. लॅटिनपुढे मातृभाषेला मात्र दुय्यम स्थान होते. हा दोष झाकण्याचे कारण नाही.

याच शाळांतून देकार्त आणि व्हॉल्टेअर बाहेर पडले. देकार्तने १६३७ साली शाळेतील पोथीविद्येविषयी असमाधान प्रकट केले. व्हॉल्टेअरने तर चर्चवरच शस्त्र उपसले. पण ते शस्त्र परजले कोठे? मुद्दा मांडावा कसा आणि प्रतिपक्ष खोडावा कसा, याचे धडे त्या वर्गांतच मिळत होते.

१७७३ साली पोपनेच संघ विसर्जित केला. १८१४ साली तो पुन्हा उभा राहिला. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ सालचे.

गुरूने आपले मत शिष्याला द्यावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या मताला उत्तर देण्याचे बळही ज्यातून मिळते, तेच खरे शिक्षण. शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा गुरूने धरावी, असे आपले पूर्वज म्हणत. येशूसंघाच्या गुरूंनी ती धरली नसेल. पण तो योग त्यांच्याच अध्यापनाने घडवून आणला.