मुरादाबादची गारपीट

गारा म्हटलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांस बालपण आठवतें. वळीव कोसळत असावा, अंगणांत पांढरे खडे टणटण उडत असावेत, आणि आई ओरडत असतांहि आपण ते वेंचून तोंडांत टाकावेत! शेतकऱ्याच्या मनांत मात्र या शब्दासरशीं निराळेंच चित्र उभें राहतें. २०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीस व मार्चमध्यें मराठवाड्यांत आणि विदर्भांत ज्यांचीं हातातोंडाशीं आलेलीं पिकें झोडपून निघालीं, त्यांस हें सांगावयास नको. परंतु गारपीट माणसांचाहि केवढा संहार करूं शकते, हें पाहावयाचें तर १८८८ सालच्या मुरादाबादेंत जावें लागतें.

हें शहर रामगंगेच्या कांठीं, आजच्या उत्तर प्रदेशांत आहे. ता. ३० एप्रिल १८८८ रोजीं तेथें जें वादळ झालें, त्यांत हंसाच्या अंड्याएवढ्या, संत्र्याएवढ्या, क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गारा पडल्या. नदीकांठीं उघड्यावर सांपडलेलीं लग्नाचीं वऱ्हाडेंच्या वऱ्हाडें तेथेंच संपलीं. शर्यतीच्या मैदानाजवळ १४ प्रेतें मिळालीं. गुरें, शेळ्या, मेंढ्या मिळून १,६०० जनावरें मेलीं. मृतांचा आंकडा त्या वेळच्या वृत्तांतांत २३० आहे. जागतिक हवामान संघटनेनें २०१७ सालीं उच्चांकांची यादी करतांना २४६ हा आंकडा धरला. एका गारपिटीनें याहून अधिक माणसें दगावल्याची नोंद त्या यादींत नाहीं. बांगलादेशांत गोपालगंज येथें १९८६ च्या एप्रिलांत १ किलो २० ग्रॅम वजनाची गार पडली. तेथेंहि सुमारें ९२ माणसें मेलीं.

मुरादाबादच्या वृत्तांतांतील एक गोष्ट सहज नजरेआड होते. कित्येक जण गारांच्या माऱ्यानें ठार झाले हें खरें. परंतु बहुतेक मृत्यू थंडीनें झाले, असें त्यांत नमूद आहे. एप्रिलच्या उन्हाळ्यांत, उत्तर हिंदुस्थानांत, थंडीनें! मार खाऊन भिजलेला माणूस बर्फाच्या थरांत पडून राहिला, तर अंगांतील ऊब किती वेळ टिकणार?

या लोकांस आगाऊ सूचना कां मिळाली नाहीं? वादळाच्या सूचना देण्याची प्रथा आपल्याकडे तेव्हां नवी नव्हती. १८६४ च्या ऑक्टोबरांतील चक्रीवादळानें कलकत्त्याची धूळधाण केली, आणि १८६५ पासून त्या बंदरास इशारे मिळूं लागले. १८७५ सालीं हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखालीं हवामानखातें निघालें. म्हणजे खातें होतें, तारायंत्र होतें. उणें होतें तें वेळेचें. समुद्रावरील वादळ दिवसचे दिवस वाट चालत येतें. गारांचें वादळ दुपारच्या तापलेल्या हवेंत जन्मतें, कांहीं कोसांची पट्टी झोडपतें आणि तास-दोन तासांत विरून जातें. वर चढणारा जोरकस झोत पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्याहि वर, फार उंच नेतो. तेथें शून्याखालींहि पाणीच राहिलेले थेंब बर्फाच्या कणास चिकटत जातात, आणि वजन झोतास पेलेनासें झालें कीं गार खालीं येते. हा सारा खेळ तारवाल्याची पहिली तार पोंचण्यापूर्वींच आटोपावयाचा! ब्लॅनफर्ड यांच्यामागून आलेले जॉन एलियट यांनीं १८८३ ते १८९७ या काळांतील गारपिटींचा मोठा अभ्यास १८९९ सालीं प्रसिद्ध केला. पण गांवास सावध करील असें साधन त्यांच्याहि हातीं नव्हतें.

तें डॉपलर रडारनें दिलें. आपल्या हवामानखात्याचें असें पहिलें रडार २००२ सालीं चेन्नईस उभें राहिलें. ढगांतील गारा व वाऱ्याची गति आतां दुरून दिसते, आणि पुढील तीन तासांचा इशारा जिल्हावार निघतो. विजेची सूचना पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें 'दामिनी' हें साधन मोबाइलवर देतें.

तीन तास थोडे नव्हेत. मात्र लग्नाच्या मांडवांत ते मानपानांतच निघून जातात. मांडवाचें कापड गारेस अडवीत नाहीं, आणि सोसाट्याच्या वाऱ्यांत पत्रा सुरीसारखा उडतो. इशारा येतांच वऱ्हाड पक्क्या छपराखालीं न्यावें, खिडक्यांपासून दूर बसवावें. झाडाखालीं उभें राहूं नये. तेथें फांदी आणि वीज दोन्हींचें भय. रानांत सांपडलांच तर घमेलें, पाटी, दुमडलेली घोंगडी, जें मिळेल तें डोक्यावर धरून जवळचें घर गांठावें. मारा थांबला म्हणून लगेच बाहेर धांवूं नये, दुसरी सर पाठोपाठ येते. आणि जो भिजून आला असेल, त्याचे ओले कपडे आधीं उतरवून त्यास कोरडें पांघरूण द्यावें. विचारपूस मागाहून करावी.