एक कनेक्शन, चार फोन

आमच्या साताऱ्याच्या घरात टेलिफोनचं कनेक्शन एक आणि फोन चार होते. एक दिवाणखान्यात, एक आजीच्या खोलीत, एक स्वयंपाकघराच्या दारामागे आणि एक वरच्या मजल्यावर काकांकडे. चारही एकाच तारेवर. घंटा वाजली की चारही एकदम कोकलायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं, या घरात एक्स्चेंजच आहे बहुतेक.

मागच्या महिन्यात घराला रंग काढला. रंगाऱ्याने भिंतीवरच्या मळकट तारांकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, ह्या काढू का?" आता घरात फायबर आहे, तांब्याची तार कधीच मेली आहे. काढ म्हणालो. फक्त दारामागच्या फळीवरची एक पांढरी डबी तेवढी मी सोडवून घेतली. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, तीन भोकं असलेली. पुतणीने विचारलं, "काका, हे काय?" म्हटलं, "स्प्लिटर." तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. थोडं मागे जावं लागेल. चांगलं सव्वाशे-दीडशे वर्षं.

ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ मध्ये. त्याचंच १८८१ चं एक पेटंट फारसं कुणाला ठाऊक नसतं. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा, म्हणजे बाहेरची खरखर दोन्ही तारांत सारखीच शिरते आणि एकमेकींना खोडून टाकते. एवढीशी युक्ती, पण पुढच्या शतकभराच्या टेलिफोन केबली या पिळावर उभ्या राहिल्या. लगेच १८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रासमध्ये एक्स्चेंज सुरू झाली. म्हणजे आपल्याकडे टेलिफोन तसा लवकर आला. घरोघरी पोचायला मात्र शंभर वर्षं गेली.

आमच्या आजोबांनी फोनसाठी अर्ज केला १९८२ मध्ये, आणि फोन आला १९८९ मध्ये. सात वर्षं ते अर्जाचा नंबर दर वर्षीच्या नव्या डायरीत पहिल्या पानावर उतरवून ठेवत. यात आमच्यावर काही विशेष अन्याय झाला नव्हता, तेव्हा सगळ्यांचीच ही कथा. १९८४ मध्ये सी-डॉट निघालं, देशी एक्स्चेंजेस बनू लागली, पिवळे एसटीडी बूथ आले, आणि रांग हळूहळू आखडली. पण आमच्या घराचा स्वभाव त्या रांगेतच घडला. दुसऱ्या कनेक्शनचा विचार कुणी केलाच नाही. जे एक मिळालंय तेच सगळ्यांनी वाटून घ्यायचं. काकांचं लग्न झालं तेव्हा एक तार वर गेली. आजीचे गुडघे दुखायला लागले तेव्हा एक तार तिच्या खोलीत गेली. बाजारातून चपटी साधी वायर आणायची, टोकं सोलायची, आधीच्या तारेला गुंडाळायची आणि वरून चिकटपट्टी. बेलच्या पिळाचा आमच्या भिंतीवर कुठेही पत्ता नव्हता.

बोलण्यासाठी त्याने काही बिघडत नसे. टेलिफोनला माणसाचा आवाज पोचवायला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच जागा लागते. तेवढ्यासाठी कसलीही तार चालते.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आमच्याकडे ते २००० साली आलं, अर्थात डायल-अप. ती किंकाळी आठवते ना? मॉडेम बिचारा माणसाच्या आवाजाच्या अरुंद बोळातूनच आकडे ओरडून पाठवत होता. मॉडेमवर लिहिलेलं ५६ केबीपीएस, हाती लागायचे चाळीसच्या आसपास. आणि बोळ एकच, म्हणून नेट चालू तर फोन बंद. त्यात घरात कुणी चारपैकी एक रिसीव्हर उचलला की संपलंच. मग मी वरून ओरडायचो, "कोणी उचलला रे फोन?"

हे सगळं चालू होतं तोवर अमेरिकेत या तारेचं दुसरं काहीतरी करून झालेलं होतं. मला ही हकीगत फार आवडते. त्याच तांब्याच्या जोडीत आवाजाच्या वर पुष्कळ जागा रिकामी पडलेली असते. बेलकोर या संशोधन संस्थेतल्या जोसेफ लेक्लायडर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक साधा प्रश्न विचारला, की दोन्ही दिशांना सारखाच वेग कशाला हवा? एक्स्चेंजकडे जाणाऱ्या जाड केबलमध्ये शेकडो जोड्या शेजारी शेजारी असतात आणि एकीतलं दुसरीत पाझरतं. दोन्हीकडून सारखंच ओरडलं की कालवा होतो. घरातल्या माणसाला यायला हवं जास्त, पाठवायचं असतं कमी. तर तसंच वाटप करा. एडीएसएलमधला 'ए' म्हणजे असिमेट्रिक, तो इथला. स्टॅनफर्डच्या जॉन चिऑफी यांच्या गटाने त्या रिकाम्या जागेच्या २५६ बारीक गल्ल्या पाडल्या. प्रत्येक गल्ली ४.३१२५ किलोहर्ट्झची, शेवटची टोकाला ११०४ किलोहर्ट्झपाशी. मॉडेम सुरू होताना एकेक गल्ली तपासतो. स्वच्छ असेल तिथून जास्त माल, खड्डे असतील तिथून कमी. १९९३ मध्ये बेलकोरने स्पर्धक पद्धतींची चाचणी घेतली, त्यात ही पद्धत पुढे निघाली आणि १९९५ मध्ये तिचं अमेरिकी मानक ठरलं. गंमत म्हणजे टेलिफोन कंपन्यांच्या मनात तेव्हा इंटरनेट नव्हतंच. त्यांना केबल टीव्हीशी टक्कर घ्यायची होती, घरबसल्या सिनेमे दाखवायचे होते.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की जुन्याला कुणी हात लावला नाही. आवाज खाली आपल्या जागी, आकडे वर आपल्या जागी. फक्त दोघांना वेगळं करायला एक गाळणी हवी. तीच ही पांढरी डबी. एका भोकात बाहेरची लाइन, एकातून फोन, एकातून मॉडेम.

आपल्याकडे ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण आलं. किमान २५६ केबीपीएस आणि कायम चालू, अशी त्यात ब्रॉडबँडची व्याख्या होती. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी ही सेवा सुरू केली. आमच्या घरी ब्रॉडबँड आलं २००६ मध्ये. जोडायला आलेल्या माणसाने विचारलं, "मॉडेम कुठं ठेवायचा?" संगणक काकांच्या खोलीत होता. मी रुबाबात म्हणालो, "वरच लावा की सगळं." त्याने वर लावलं. तो चुकला नाही, चुकलो मी.

कारण बाहेरची तार घरात शिरत होती दिवाणखान्यातल्या रोझेटमध्ये. तिथूनच तिचे चार फाटे फुटत होते. स्प्लिटर बसला चौथ्या फाट्याच्या शेवटी. म्हणजे काकांच्या फोनला गाळणी, बाकी तिघे उघडे. रिसीव्हर उचलला की त्या फोनचं ओझं थेट तारेवर पडायचं आणि मॉडेमच्या गल्ल्या बुजायच्या. शिवाय लांब लोंबणाऱ्या फाट्याच्या टोकाला जाऊन संदेशाची लाट परत फिरते आणि पुढून येणाऱ्या लाटेवर आदळते. आणि तिकडे आजीच्या कानात सूंऽऽ असा आवाज. हे सगळं आज सांगतोय. तेव्हा एवढंच दिसत होतं, की मॉडेमचा हिरवा दिवा लुकलुकायला लागतो, नेट जातं आणि दोन मिनिटांनी परत येतं.

खरं तर एक धागा समोरच होता. त्या वेळी रात्री २ ते सकाळी ८ डेटा मोजायचा नाही असे प्लॅन असत. आपल्यापैकी पुष्कळांनी गजर लावून डाउनलोड केले असतील. माझं रात्री कधी म्हणजे कधी तुटलं नाही! मी समजत होतो, रात्री गर्दी कमी असते म्हणून. रात्री घरात कुणी फोन उचलत नाही, हे डोक्यात आलं नाही.

दिवसा घरात सगळ्यात जास्त फोन आजी वापरायची. दुपारी धाकट्या बहिणीला, संध्याकाळी भजनी मंडळातल्या बायकांना. एकदा महत्त्वाचा फॉर्म भरताना नेट गेलं आणि मी तिच्या दारात जाऊन म्हणालो, "आजी, तुझा हा फोन काढूनच टाकतो आता. दिवाणखान्यात आहेच की एक." ती म्हणाली, "बघ बाबा, तुझं अडत असेल तर." बस, एवढंच.

मी काढला नाही. आळस, दुसरं काय. पण नंतर नेट तुटायचं खूपच कमी झालं. मला वाटलं, लाइन आपोआप सुधारली.

महिनाभराने आत्याचा अमेरिकेहून फोन आला, नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी. आधीची पद्धत अशी की आई दिवाणखान्यातून बोलायची आणि आजी आपल्या खोलीत रिसीव्हर उचलून मध्येच सामील व्हायची. तिघींचा गोंधळ चालायचा. त्या दिवशी मी फोन घेतला तर आत्या म्हणाली, "काय रे, आई माझ्यावर रागावलीय का? चार रविवार झाले, बोललीच नाही."

आजीला विचारलं. ती पोथीतून मान वर न करता म्हणाली, "तुझं ते चालू असतं ना सकाळी. उगाच तुटायला नको." बहिणीलाही तिने सांगून ठेवलं होतं, सारखी फोन करू नकोस म्हणून.

म्हणजे माझी लाइन सुधारली ती अशी.

त्याच दुपारी मी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त लाइनमन काकांना घेऊन आलो. त्यांनी वर जाऊन मॉडेमकडे पाहिलंसुद्धा नाही. दारातूनच विचारलं, "मेन लाइन शिरते कुठं?" रोझेट उघडलं, आमची चिकटपट्टीची कारागिरी पाहिली आणि म्हणाले, "अरे, चहा चार कपांत ओतलास आणि गाळणी धरलीस चौथ्यावर. बाकीच्यांच्या तोंडात चोथा जाणारच की." मग स्प्लिटर खाली आला, तार घरात शिरते तिथेच. त्याच्या फोनच्या भोकातून चारही जुने फोन, आणि मॉडेमच्या भोकातून वरपर्यंत एक नवी स्वतंत्र तार. ती मात्र त्यांनी पिळाची आणायला लावली. मधला वापरात नसलेला एक फाटा कापून टाकला. सगळं मिळून दीड तास.

नंतर वाचनात आलं, की हा घोळ जगभर झाला होता. १९९९ मध्ये जी-लाइट नावाचं एक मानक निघालं होतं, वेग कमी पण स्प्लिटर नको, घरात फोन कितीही असोत. प्रत्यक्षात तिथेही फोनला छोट्या गाळण्या लावायची वेळ आलीच. गाळणी चुकत नाही, ती कुठे लावायची हेच ठरवायचं असतं.

मी मात्र गाळणी शोधण्याआधी कोणाचा फोन काढायचा ते ठरवून मोकळा झालो होतो. तंत्रज्ञानाने जुन्याला धक्का न लावता नवं आणून दिलं होतं. धक्का मी लावत होतो, आणि तोही घरात सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला.

पुढच्या रविवारी तिघींचा गोंधळ पुन्हा सुरू झाला. वर हिरवा दिवा स्थिर होता. मी तो बघत बसलो होतो, नेटवर काही करत नव्हतो.

आजी २०११ मध्ये गेली. फायबर आलं २०२२ मध्ये. आता फोन त्या नव्या डब्यातूनच येतो, आवाज झकास आहे, वेग तर विचारू नका. फक्त वीज गेली की फोनही जातो. जुन्या तारेला एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्टची वीज तिकडूनच येत असे, त्यामुळे घर अंधारात असलं तरी फोन जिवंत असायचा. हे पुतणीला सांगितलं, तर म्हणाली, "मग मोबाइल कशाला आहे?" बरोबरच आहे तिचं.

डबी खणात ठेवली आहे. भिंतीला रंग छान बसलाय, पण आजीच्या खोलीत तार जिथून शिरायची ते भोक बुजवायचं राहून गेलं.