आळसाचा आरोप आणि एका डॉक्टरची साक्ष

एखाद्या रोगाला डॉक्टरचे नाव मिळणे यात नवल नाही. परंतु ज्याने रोगाचे सविस्तर वर्णन केले तोच त्या रोगाचा रुग्ण असावा, असा योग विरळा. श्लेस्विग प्रांतातील काप्पेल्न या गावी व्यवसाय करणारे डॉ. आस्मुस युलियुस थॉमस थॉमसेन (१८१५-१८९६) यांच्या बाबतीत तो जुळून आला.

हा विकार जन्मजात आणि आनुवंशिक आहे. विश्रांतीनंतर एकाएकी हालचाल केली की स्नायू ताठरतात. आवळलेली मूठ चटकन सुटत नाही. खुर्चीवरून घाईने उठताच पाय जमिनीला खिळतात. तीच हालचाल पुनःपुन्हा केली म्हणजे ताठरपणा हळूहळू ओसरतो. शरीर मात्र धडधाकट, कित्येकदा तालमीतल्या गड्यासारखे दिसते. दुःखाचे खरे मूळ येथेच आहे. असा पीळदार मनुष्य जागच्या जागी अडखळला, तर पाहणारा त्याला आळशी तरी म्हणतो किंवा ढोंगी तरी.

थॉमसेन यांच्या मुलावर हाच प्रसंग ओढवला. लष्करी सेवा टाळण्यासाठी तो दुखण्याचे सोंग करतो, असा संशय प्रशियाच्या अधिकाऱ्यांनी घेतला. तोवर साठी ओलांडलेल्या पित्याने मग १८७६ साली बर्लिनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. आपले स्वतःचे दुखणे आणि आपल्या घराण्यातील वीसहून अधिक आप्तांची हकीकत त्यांनी त्यात नोंदविली. घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडणे त्या काळी सोपे नव्हते.

परंतु इतिहासाचा विपर्यास असा, की लेखाच्या शीर्षकातच त्यांनी या विकाराचे कारण आनुवंशिक मनःप्रवृत्ती असे दिले. लक्षणांची साक्ष चोख होती, निदान मात्र चुकले होते. मुलाला ढोंगी ठरविणाऱ्यांप्रमाणे पित्यानेही दोष अखेर मनावरच टाकला, हे वाचून आम्हांस हळहळ वाटते. १८८१ साली स्ट्र्युम्पेल यांनी 'मायोटोनिया कंजेनिटा' ही संज्ञा दिली आणि १८८६ मध्ये एर्ब यांनी या रोगावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. रोग स्नायूंचा आहे, हे मत पुढे दृढ होत गेले.

कारणाचा धागा गवसला तो अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १८८०च्या दशकापासून शेळ्यांची एक जात प्रसिद्ध होती. दचकल्या की त्या ताठ होऊन कोसळत, मात्र शुद्ध हरपत नसे. शर्ली ब्रायंट यांनी या शेळ्यांचे स्नायू तपासले, तेव्हा त्यांच्या आवरणातून क्लोराइडची ये-जा फार कमी होते असे दिसले. हे क्लोराइड स्नायूतील विद्युत्-चेतना शांत करते. ते अडले, की इशारा थांबल्यावरही स्नायू आकुंचितच राहतो. १९७१ मध्ये मानवी रुग्णांतही हेच आढळले. १९९२ साली दोषी जनुक सातव्या गुणसूत्रावर सापडले, आणि १९९४ मध्ये खुद्द थॉमसेन यांच्या घराण्यातील दोषही निश्चित झाला.

या रोगाचा दुसरा प्रकार बेकर यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात माता आणि पिता या दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. त्रासही बहुधा अधिक असतो.

मूळ दोष घालविणारा उपचार अद्याप नाही. पूर्वी क्विनीन वापरीत. पुढे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील मेक्सिलेटीन हे औषध येथे उपयोगी ठरले. ५९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१८ साली युरोपीय संघात या औषधाला अशा विकारांसाठी मान्यता मिळाली. त्याचा परिणाम हृदयावरही होत असल्याने आलेखाची तपासणी करूनच ते देतात. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञास या विकाराची कल्पना देणे अत्यावश्यक आहे, कारण स्नायू सैल करणारे सक्सामेथोनियम येथे उलट ताठरपणा वाढवू शकते. ज्यांना औषध लागत नाही ते सावकाश उठतात, जिना चढण्यापूर्वी पाय हलवून घेतात.

एका बापाच्या शब्दाला प्रयोगशाळेचा पुरावा मिळण्यास ११८ वर्षे लागली. मुलाच्या वाट्याला आलेला संशय मात्र आजही संपलेला नाही. वर्गात उशिरा उभा राहणारा, बसमध्ये चढताना पायरीवर थबकणारा सुदृढ मुलगा आपणही पाहिला असेल. त्याला बोल लावण्यापूर्वी क्षणभर त्याचे म्हणणे ऐकावे, एवढेच आमचे मागणे आहे.